आष्टीचा गाडीखाना आणि शिकागोचें गॅरेज

बीड जिल्ह्याचा नकाशा समोर घेतला तर पश्चिमेच्या टोकाला आष्टी तालुका नगर जिल्ह्याच्या अंगांत घुसलेला दिसेल. १९४८ सालापर्यंत आमचें गांव निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें आणि थोड्या कोसांवर इंग्रजी मुलूख लागे. ती सरहद्द गेली, तरी आष्टीकरांचें तोंड बीडापेक्षां नगराकडे (२०२४ पासून अहिल्यानगराकडे म्हटलें पाहिजे) अधिक वळलेलें असतें. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं नगरापासून न्यू आष्टीपर्यंतची ६६ किलोमीटरची आगगाडी सुरू झाली व १७ सप्टेंबर २०२५ रोजीं तीच बीडास पोंचली. गाडीच्या खिडकींतून पाहणाऱ्या नवख्या प्रवाशास येथें डोळे निववील असें फारसें कांहीं दिसणार नाहीं. बालाघाटाचे उघडे माळ, पर्जन्यछायेंतील कोरडी जमीन, टेकड्यांच्या उतारांवर आपोआप वाढलेल्या सीताफळी, आणि दुधाचे कॅन लटकावून संकलन केंद्राकडे निघालेल्या मोटारसायकली. पाऊस बेभरंवशाचा, म्हणून दुभतें जनावर हाच येथल्या शेतकऱ्याचा आधार. आणि दूध म्हटलें कीं थंडाव्याचा प्रश्न आलाच. केंद्रावर आल्याबरोबर तें ४ अंशांपर्यंत थंड केलें नाहीं तर वैशाखांत संध्याकाळ पाहत नाहीं. (या लेखांतील अंश सर्व सेल्सिअसचे आहेत.) पारा चाळिशीच्या वर जाणें ही आमच्याकडे बातमी नव्हे.

अशा गांवांत अन्न थंड ठेवणारें यंत्र घरांत नेमकें कोठें ठेवावें, हा प्रश्न आमच्या घरांत पुष्कळ वर्षें होता. परंतु तो प्रश्न आहे हें आम्हांस शिकागोस गेल्यावर समजलें.

आमचें घर माळवदाचें आहे. पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंदीच्या भिंती, वर लांकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. चौकाच्या एका अंगास गाडीखाना आहे. तेथें एके काळीं दमणी सोडलेली असे. आतां धाकट्या बंधूंचा ट्रॅक्टर आणि तीन मोटारसायकली असतात. जुनें छप्पर खचलें तेव्हां त्यावर पत्रे घातले आणि पुढची बाजू जाळीच्या दारानें बंद केली. १९८६ सालीं आमच्या घरांत पहिला फ्रीज आला तो या गाडीखान्यांत. (त्याला शीतकपाट म्हणावें असें आमच्या फार मनांत होतें. घरांतल्या चौदा माणसांपैकीं एकानेंही ऐकलें नाहीं.) गोदरेज कंपनीनें १९५८ सालीं पहिला देशी फ्रीज बाजारांत आणला, म्हणजे तो आष्टीच्या आमच्या चौकांत येण्यास २८ वर्षें लागलीं, आणि चौकांतून स्वयंपाकघरांत येण्यास त्याहूनही अधिक.

गाडीखान्याची जागा मातोश्रींनीं ठरविली होती. ज्या कपाटाला घरांतल्या सर्वांचे हात लागतात, ज्यांत औषधाची बाटली आणि पाहुण्यांनीं आणलेला केक शेजारीं शेजारीं बसतात, तें सोवळ्याच्या स्वयंपाकघरांत यावयाचें नाहीं, असा त्यांचा निर्णय होता. शिवाय आज शिजविलेलें उद्यां खावयाचें ही कल्पनाच त्यांस मान्य नव्हती. गीतेच्या सतराव्या अध्यायांत शिळें अन्न तामस आहारांत गणलें आहे हें आम्ही पाठशाळेंत शिकलों. मातोश्रींस तें न शिकतां ठाऊक होतें. मातोश्री गेल्या, पुढें २००९ सालीं तो फ्रीजही मोडींत गेला. दुसरा आला तो त्याच जागीं उभा राहिला. जागा लावून देणारें माणूस गेलें तरी जागा राहते, हें एकत्र कुटुंबांतल्या वाचकांस सांगावयास नकोच.

या गाडीखान्यांतल्या फ्रीजच्या दोन तक्रारी असत. वैशाखांत त्यांत ठेवलेलें दूध दुसऱ्या दिवशीं नासे. आणि पौषांत, म्हणजे बाहेर कडाका असतांना, वरच्या बर्फाच्या खणांतलें मुलांचें आइस्क्रीम मऊ पडे. पहिली तक्रार कोणालाही उमजेल. दुसरी मात्र उलटी होती. थंडीच्या दिवसांत बर्फ कां वितळावें? पुतण्यानें दोष व्होल्टेजला दिला, स्टॅबिलायझर आणला. पुढच्या वर्षीं त्याहून मोठा आणला. दुरुस्तीस येणारे कारागीर गॅस भरून जात. उत्तर मिळालें नाहीं.

२०१८ सालच्या ऑक्टोबरांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे अमेरिकेस गेलों. निघण्यापूर्वीं एका जुन्या हकीकतीची आम्हांस आठवण झाली. १८३३ सालीं बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांत १८० टन बर्फ भरून कलकत्त्यास धाडलें. चार महिन्यांच्या प्रवासांत त्यांतलें बरेंच वितळलें, तरी सुमारें १०० टन शाबूत उतरलें! पुढें मद्रासेस समुद्रकांठीं त्यानें बर्फाचें कोठार बांधलें, आणि शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेनंतर चार वर्षांनीं, १८९७ च्या फेब्रुवारींत, स्वामी विवेकानंद त्याच इमारतींत उतरले होते. यंत्र नसतांना, नुसत्या जाड वेष्टनाच्या जोरावर थंडी दोन महासागर ओलांडून आली. आमच्या माळवदाच्या भिंतींशीं या हकीकतीचें नातें आहे, तें पुढें येईल.

चिरंजीवांचें घर शिकागोच्या पश्चिमेस नेपरव्हिल येथें आहे. तेथल्या घरास गॅरेज असतें. घराला लागूनच, दोन मोटारी राहतील एवढें. त्याला उष्णतेची नळी नसते. घर २० अंशांवर उबदार आणि मधल्या एका दारापलीकडे बाहेरच्यापेक्षां थोडीशीच सौम्य अशी थंडी. मराठी घरांत हें गॅरेज म्हणजे पडवीच होय. जोडे तेथें निघतात. तांदळाचीं पोतीं, कणकेच्या थैल्या, बर्फ ओढण्याचें फावडें, नातवाची सायकल आणि फळीवर कागदांत गुंडाळलेलें गणपतीचें मखर, सर्व कांहीं तेथें. आणि कोपऱ्यांत जुना फ्रीज. स्वयंपाकघरांत नवा मोठा फ्रीज आला कीं जुना टाकून न देतां गॅरेजमध्यें ढकलावयाचा, ही तेथल्या घरोघरची रीत आहे. आपल्या लोकांत तर विशेष. कारण आपला स्वयंपाक ताज्या नारळावर, मेथीवर, अळूवर चालतो, आणि हिंवाळ्यांत हें सर्व गोठविलेल्या रूपांत आणावें लागतें. शिकागोच्या डेव्हन रस्त्यावर १९७४ सालीं पटेल बंधूंचें दुकान उघडलें, तेव्हांपासून दूरदूरच्या उपनगरांतील कुटुंबें तेथें जाऊन महिन्याचा माल भरतात. खवलेला नारळ, सोललेले पावटे, मेथी, पुरणपोळ्यासुद्धां. एका फ्रीजमध्यें हा संसार मावत नाहीं.

आमच्या सौ.ना मधुमेह आहे. सहा महिन्यांचें इन्सुलिन आम्ही बरोबर नेलें होतें. चिरंजीव म्हणाले, “स्वयंपाकघरांतला फ्रीज भरलेला आहे, बाबा, हें गॅरेजमधल्यांत ठेवूं.” सूनबाईंनीं तें डबडें त्यांच्या हातून घेतलें, त्यावरचा कागद उलगडून वाचला आणि दुधाचे दोन बुधले बाहेर काढून त्या जागीं मधल्या फळीवर ठेवलें. “आई, तुमचें औषध माझ्या डोळ्यांसमोर राहूं दे,” एवढेंच त्या म्हणाल्या. बुधले गॅरेजमध्यें गेले.

३० जानेवारी २०१९ हा दिवस शिकागोकर विसरणार नाहींत. त्या दिवशीं ओहेअर विमानतळावर पारा उणें ३१ अंशांच्या जवळ उतरला. टपाल खात्यानें वाटप बंद ठेवलें. लोहमार्गाचे सांधे गोठूं नयेत म्हणून रुळांच्या कडेनें गॅसच्या ज्वाला पेटविल्या होत्या. दूरदर्शनावर तें दृश्य पाहून सौ.नीं हात जोडले, त्यांस तो कांहीं यज्ञ वाटला. गॅरेजमध्यें उणें आठ होतें. दुपारीं सूनबाई दूध आणावयास गेल्या तों बुधला फुगून त्याचा दगड झालेला. कोथिंबीर कांचेसारखी मोडत होती. फ्रीजचा दिवा लागत होता, यंत्र मात्र मुकें होतें. अन्न गोठूं नये म्हणून जो खण असतो त्यांत सर्व गोठलें होतें.

त्या खणांत इन्सुलिन असतें तर? हें औषध २ ते ८ अंशांत ठेवावें लागतें, आणि एकदां गोठलें कीं तें टाकून द्यावें लागतें. यांतील दुष्टपणा असा कीं वितळल्यावर तें पुष्कळदां पूर्वीसारखेंच स्वच्छ दिसतें. टोंचून घेतलेलें औषध अंगीं लागत नाहीं आणि साखर चढत जाते, कारण मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परक्या मुलुखांत, त्या थंडींत, काय प्रसंग ओढवला असता याचा विचार आम्ही त्या रात्रीं फार वेळ केला. सूनबाईंस कांहीं बोललों नाहीं, सौ.नीं मात्र दुसऱ्या दिवशीं त्यांच्या आवडीचें थालीपीठ लावलें.

मार्चमध्यें नातवाची मुंज ठरली. त्या देशांत मुहूर्त पंचांगांत सांपडतो तो वेगळा आणि सभागृहाच्या आरक्षणांत सांपडतो तो वेगळा. दोन्ही जुळून एक शनिवार निघाला. शिकागोचें महाराष्ट्र मंडळ १९६९ पासून आहे, आणि उत्तर अमेरिकेंतील सर्व मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही मोठी संस्थाही १९८१ सालीं शिकागोसच स्थापन झाली. त्यामुळें हातभार लावणाऱ्या भगिनींची उणीव नव्हती. साठ माणसांचें जेवण घरींच करावयाचें असा सौ.चा आग्रह. दोन-तीन आठवडे आधींपासून तयारी चालली. पुरण वाटून त्याचे गोळे, अळूच्या वड्यांचे उकडलेले उंडे, मोदकांचें सारण, असें करून करून तें गॅरेजमधल्या फ्रीजच्या बर्फाच्या खणांत जाऊं लागलें. बर्फाचा कडाका ओसरला होता. गॅरेजमध्यें दोन-चार अंश असत. थंडीच ती, मग काळजी कसली, असें कोणासही वाटेल.

मुंजीच्या आधीच्या सोमवारीं सूनबाईंनीं पुरणाची पिशवी काढली तों तींत बोट रुतलें. आइस्क्रीमच्या डब्यांत तर पांढरें पाणी. पण त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं कांहीं पिशव्या कडक होत्या आणि त्यांचे आकार चपटे, खालच्या जाळीचे वळ उमटलेले. म्हणजे त्या एकदां वितळून पुन्हां गोठल्या होत्या. कितीदां, आणि किती वेळ, हें सांगणारें कोणी नव्हतें.

सौ.चें म्हणणें, वास आला नाहीं, पुन्हां परतून घेऊं. मंडळांतल्या एक डॉक्टर भगिनी मदतीस आल्या होत्या, त्यांनीं समजाविलें. अन्न ४ अंशांच्या वर आणि ६० अंशांच्या खालीं दोन तासांहून अधिक राहिलें कीं त्यांत वाढणारे जंतू वासावरून कळत नाहींत. खणांत बर्फाचे कण शिल्लक असते, किंवा माल सतत ४ अंशांच्या आंत राहिला आहे असें ठाऊक असतें, तर तो वापरतां आला असता. येथें दोन्हींपैकीं एकही खात्री नव्हती आणि पंगतींत लहान मुलें बसणार होतीं. सूनबाईंनीं सर्व पिशव्या उचलल्या आणि कचऱ्याच्या पिंपांत टाकल्या. अन्नास पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आमच्या सौ. मधल्या दारांत उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें. तिघी बायकांच्या तीन आठवड्यांची मेहनत ती. तरीही आमचें स्पष्ट मत आहे कीं सूनबाईंनीं केलें तेंच योग्य होतें. पुढच्या चार रात्रीं त्या घरांत दिवा मालवला नाहीं. मंडळाच्या भगिनी आपापल्या कचेऱ्या आटोपून येत, आणि शनिवारीं पंगतीस पुरणपोळी ताजी होती.

आतां हें घडलें कसें, तें आमच्या पद्धतीनें सांगतों. फ्रीज थंडी निर्माण करीत नाहीं. आंत झिरपणारी उष्णता तो उपसून बाहेर फेंकतो, जशी विहिरींत झिरपणारें पाणी मोट उपसते. कंप्रेसर ही मोट. साध्या दोन खणांच्या फ्रीजमध्यें विहिरी दोन, मोट एक, आणि मोट केव्हां जुंपावी व केव्हां सोडावी हें ठरविणारा गडी, म्हणजे थर्मोस्टॅट, बहुधा खालच्या खणांत बसविलेला असतो. तो आपल्याच विहिरींत डोकावतो. गॅरेजमध्यें ३-४ अंश झाले कीं खालच्या खणांत पाझर येतच नाहीं. तो आधींच हवा तेवढा थंड असतो. गडी म्हणतो, काम नाहीं, बैल सोडा. इकडे वरच्या विहिरीला उणें १८ अंश राखावयाचे असतात, तिच्यांत पाझर चालूच असतो. ती हळूहळू भरत जाते, म्हणजे बर्फाचा खण गॅरेजइतकाच, ३-४ अंशांवर येऊन बसतो. एखादे दिवशीं ऊन पडून गॅरेज ९-१० अंशांवर गेलें कीं गडी जागा होतो, मोट पुन्हां चालते आणि वितळलेलें पुन्हां गोठतें. फार कडाका पडला तर सर्वच खणांत बाहेरची थंडी शिरते आणि दूध फुटतें. यंत्र बिघडलेलें नसतेंच. ज्या जागेसाठीं तें केलें ती जागा ही नव्हे, एवढेंच.

हें आम्ही समजून घेतलें तेव्हां आम्हांस आष्टीचें पौषांतलें मऊ आइस्क्रीम आठवलें आणि आम्ही तेथल्या तेथें हंसलों. स्टॅबिलायझर बिचारा निरपराध होता!

प्रत्येक फ्रीजच्या पाठीवर किंवा आंतल्या बाजूस एक पट्टी चिकटविलेली असते, आणि तिच्यावर बहुधा हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘एसएन’ म्हणजे भोंवतालची हवा १० ते ३२ अंश, ‘एन’ म्हणजे १६ ते ३२, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८ आणि ‘टी’ म्हणजे १६ ते ४३. कोणत्याही कर्माच्या आरंभीं आपण संकल्पांत देशकालाचा उच्चार करतों. यंत्राचा देशकाल त्या पट्टीवर छापलेला असतो आणि तो कोणी वाचीत नाहीं. अमेरिकेंत आतां गॅरेजसाठींच म्हणून बनविलेले फ्रीज मिळतात. जुन्यासाठीं एक लहानशी तापणारी पट्टीही मिळते, ती थर्मोस्टॅटजवळ लावली कीं गड्याला उकाडा भासतो आणि तो मोट सोडीत नाहीं. चिरंजीवांनीं तीं दोन्हीं सोडून वरून उघडणारा पेटीसारखा डीप फ्रीझर घेतला. त्यांत विहीर एकच, आणि गडी त्याच विहिरीचा. गॅरेज थंड असलें तर त्याचें काम उलट हलकें होतें. सूनबाईंनीं त्यांत एका वाटींत पाणी गोठवून वर एक नाणें ठेवलें. नाणें वाटीच्या तळाशीं गेलेलें दिसलें कीं समजावें, मध्यंतरीं सर्व वितळलें होतें. ही युक्ति आमच्या वाचकभगिनींनीं आजच करून पाहावी. वीज जाणाऱ्या गांवांत तिचा उपयोग शिकागोहून अधिक.

एप्रिलांत आम्ही परतलों. तें दुष्काळाचें वर्ष होतें, तालुक्यांत चारा छावण्या उघडल्या होत्या आणि माणसांच्या तोंडीं पाणी व कडबा यांवांचून विषय नव्हता. चिरंजीवांनीं दोन लहान थर्मामीटर बरोबर दिले होते. एक गाडीखान्यांत टांगला, एक फ्रीजच्या आंत ठेवला, आणि आठ दिवस सकाळीं सहा व दुपारीं तीन वाजतां आंकडे वहींत टिपले. दुपारीं पत्र्याखालीं ४६. आमच्या फ्रीजवर ‘टी’ वर्गाची पट्टी, म्हणजे मर्यादा ४३. आंत १२ अंश. येथें गड्याची चूक नव्हती. तो मोट एक क्षणही सोडीत नव्हता. परंतु उपसलेलें पाणी सोडावयाचें तो पाटच विहिरीइतका भरलेला असेल तर मोटेनें करावें काय? पाठीमागच्या नळ्यांची उष्णता घ्यावयास थंड हवाच नव्हती. आणि त्या १२ अंशांत सौ.चें इन्सुलिन होतें.

नंतर आम्हीं तो थर्मामीटर माजघरांत नेला. वीज गेलेली, पंखा बंद. दुपारीं तीन वाजतां ३३ अंश. पत्र्याखालच्या जागेपेक्षां १३ अंशांचा फरक, आणि तोही कशाच्या जोरावर, तर आमच्या पणजोबांच्या वेळच्या पांढऱ्या मातीच्या! ट्यूडरच्या जहाजांत बर्फ टिकलें तें याच न्यायानें. माजघराच्या कोपऱ्यांतल्या माठांतलें पाणी त्याहूनही कितीतरी गार होतें, कारण आमची हवा कोरडी. माठाच्या अंगावरचा ओलावा झपाट्यानें उडतो आणि जातांना उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या दमट हवेंत माठ असा गार होत नाहीं. जेथें वीज नाहीं तेथें इन्सुलिनची कुपी कोरड्या डबींत घालून माठाच्या गारव्यांत ठेवावी असें डॉक्टरही सांगतात.

वही घेऊन आम्ही घरांत बसलों. भावजयबाईंस फ्रीज स्वयंपाकघराजवळ यावा असें पहिल्यापासून वाटत होतें. बंधू तटस्थ. अडचण आत्याबाईंची होती. त्या ८६ वर्षांच्या, मातोश्रींचा शब्द म्हणजे त्यांस वेद. सोवळें ही वस्तु आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. जिनें घरांतल्या अन्नास पन्नास वर्षें बुरशी लागूं दिली नाहीं, त्या शिस्तीचाच तो एक भाग होता; ज्या काळीं फ्रीज नव्हता त्या काळीं ताजें रांधून वेळेवर संपविणें हाच फ्रीज. आम्हीं आत्याबाईंस आंकडे वाचून दाखविले. त्यांनीं ते ऐकले नाहींत असें आम्हांस वाटलें. शेवटीं त्यांनीं एकच विचारलें, “वन्संच्या औषधाला गाडीखाना बाधतो का रे?” (सौ.ना त्या थट्टेनें वन्सं म्हणतात.) बाधतो, म्हणालों. “मग आण आंत. माजघरांत ठेव, चुलीकडे नको.” हा निर्णय स्वयंपाकघर व गाडीखाना यांच्या मधला होता, आणि यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेंही याहून चांगली जागा आमच्या घरांत नव्हती. भिंतीपासून पाठीमागें सहा बोटें मोकळीं सोडून फ्रीज माजघरांत लावला. तिसऱ्या दिवशीं आंत ५ अंश. कंप्रेसर मधून मधून थांबूं लागला, आणि त्याचा आवाज थांबतो हेंच घरांतल्या मुलांस नवल वाटलें.

वीज जाण्यावर मात्र जागा हा उपाय नाहीं. त्याविषयीं नियम असा आहे कीं बर्फाचा खण गच्च भरलेला असून दार उघडलें नाहीं तर तो सुमारें ४८ तास दम धरतो, अर्धा भरलेला असेल तर २४. म्हणून रिकाम्या जागेंत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्या; मात्र काठोकाठ भरूं नयेत, गोठतांना पाणी फुगतें. खालचा खण चार तासांपलीकडे भरंवशाचा नाहीं. आमच्याकडे वीज गेली कीं आतां आत्याबाईच फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसतात, आणि कोणास दार उघडूं देत नाहींत.

आतां गाडीखान्यांतली ती जागा रिकामी आहे आणि तिजवर पुतण्याचा डोळा आहे. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हांपासून त्याच्या मनांत गराचा धंदा घोळतो. सीताफळ झाडावरून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत पिकतें आणि लगेच जातें. त्याचा गर शिजवावा तर कडवट होतो. तेव्हां बिया काढून उणें १८ अंशांच्या खालीं गोठवून ठेवणें हाच मार्ग. हंगाम आश्विन-कार्तिकांतला आणि आइस्क्रीमवाल्यांची मागणी चैत्र-वैशाखांतली, म्हणजे माल नेमका पत्र्याच्या भट्टींतून पार व्हावयाचा. पुतण्यानें दोन मोठे डीप फ्रीझर पसंत करून ठेवले होते. आम्हीं त्याला पट्टी वाचावयास सांगितली, आणि आमच्या वहींतले वैशाखाचे व पौषाचे आंकडे, ४६ आणि ९, गाडीखान्याच्या दारावर खडूनें लिहून ठेवले.

तो दोन दिवस त्या आंकड्यांकडे पाहत होता. मग त्यानें पत्र्याखालीं उत्तरेच्या बाजूस पांढऱ्या मातीची एक खोली घालण्याचें ठरविलें. दोन हात रुंद भिंत, वर माळवद, वारा खेळावयास दोन झरोके. माती मिळेल, जुने वाडे पडताहेत. परंतु तशी भिंत घालणारा गवंडी आष्टींत आतां कोणी उरला नाहीं. कड्याच्या बाजूस एक म्हातारा अजून काम करतो असें कोणी सांगितलें, म्हणून पुतण्या आज सकाळींच मोटारसायकल घेऊन तिकडे गेला आहे.